वीज नसलेल्या घरापर्यंत आधी पैसा कसा पोचतो?

२०२३ साली जगात ६६ कोटी ६० लाख लोकांच्या घरात वीज नव्हती. त्यातले जवळपास ८५ टक्के लोक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत राहतात. आकडा हळूहळू खाली येतोय हे खरं, पण २०२२ मध्ये तो दहा वर्षांत पहिल्यांदाच वर गेला होता, कारण जोडण्या होत होत्या त्याहून लोकसंख्या जोरात वाढली. २०३० पर्यंत सगळ्यांना वीज असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवून ठेवलंय, आणि या वेगाने ते जमणार नाही हे त्यांच्याच अहवालांत दरवर्षी छापून येतं.

अशात 'डिजिटल इनोव्हेशनसाठी निधी' वगैरे बातमी आली की कुणीही विचारेल, ज्या घरात दिवाच नाही तिथे अ‍ॅप घेऊन काय करायचं? रास्त प्रश्न आहे. अ‍ॅपने दिवा लागत नाही, दिवा लागायला तार लागते नाहीतर पॅनल आणि बॅटरी लागते. मग हे डिजिटल डिजिटल काय चाललंय आणि त्यासाठी कोण कुणाला कशाचे पैसे देतंय, ते जरा सुटं करून बघू.

समजा एक गाव मुख्य लाइनपासून बरंच लांब आहे. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, मीटर हा सगळा खर्च आधी करायचा, आणि तिथलं घर वापरणार काय तर दोन-तीन बल्ब, एक मोबाईल, फार तर रेडिओ. त्या घराचं महिन्याचं बिल एवढंसं येणार की मीटर वाचायला माणूस पाठवायचा खर्चही त्यातून सुटायचा नाही. केनियात २०१५ पर्यंत ग्रामीण घराला जोडणीसाठी ३५,००० शिलिंग भरावे लागायचे, मग सरकारने ते १५,००० वर आणले. पश्चिम केनियात संशोधकांनी प्रयोग करून बघितलं तेव्हा दिसलं की लोक जोडणीसाठी जेवढे द्यायला तयार आहेत ती रक्कम प्रत्यक्ष खर्चाच्या आसपाससुद्धा नाही. ट्रान्सफॉर्मर हाकेच्या अंतरावर आणि घरात मात्र अंधार, अशी घरं ढिगाने. याचा अर्थ लोकांना वीज नकोय असा काढू नका, एकरकमी भरायला पैसा नाहीये एवढंच. रोज थोडेथोडे पैसे ते खर्च करतच असतात, रॉकेलवर, मेणबत्त्यांवर, टॉर्चच्या सेलवर, दुसऱ्याकडे मोबाईल चार्ज करून आणण्यावर.

म्हणजे पैसा आहे, पण चिल्लर आहे आणि रोजच्या रोज येणारा आहे, आणि पॅनल बसवायला किंवा खांब रोवायला लागतो तो एकगठ्ठा, तोही आधी. कुणीतरी मध्ये उभं राहून आज एकगठ्ठा घालायचा आणि मग वर्षानुवर्षं चिल्लर गोळा करत बसायचं. हे करायला बँका का तयार होत नाहीत तर त्यांना समोरचं काहीच दिसत नाही. माणसाचं उत्पन्न कुठे नोंदलेलं नाही, कर्जाचा इतिहास नाही, घराचा पत्ता धड नाही, यंत्र चालतंय की बंद पडलंय ते कळत नाही, आणि हप्ता थकला तर वसुलीला जायचं भाडं हप्त्यापेक्षा जास्त. डिजिटल म्हणून जे काही या धंद्यात आलंय ते सगळं या आंधळेपणावरचा उपाय म्हणून आलंय, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं बरंचसं आपोआप समजतं.

मोबाईल नसताना हे कुणी केलंच नाही असं नाही हं. बांगलादेशात इडकॉल या सरकारी वित्त कंपनीने २००३ पासून जागतिक बँकेसारख्यांच्या पैशातून घरगुती सोलरचा कार्यक्रम चालवला आणि ४० लाखांहून जास्त घरांत संच बसवले. वसुली कशी? सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्थांची माणसं आधीपासून गावोगाव फिरत होतीच, तीच हप्ते गोळा करायची. पण बांगलादेशात घराला घर लागून आहे, एक माणूस एका दिवसात पुष्कळ दारं करू शकतो. आफ्रिकेच्या ग्रामीण भागात घरं इतकी विखुरलेली की हाच हिशोब उलटा बसतो.

केनियात ही गाठ सुटली ती वेगळ्याच टोकाकडून. २००७ मध्ये सफारीकॉम या मोबाईल कंपनीने एम-पेसा सुरू केलं, म्हणजे साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायची सोय. वीजेशी त्याचा काही संबंध नव्हता. पण पाच-सहा वर्षांत खेड्यातला माणूससुद्धा फोनवरून ५० शिलिंग पाठवायला सरावला, आणि २०१२ च्या सुमारास एम-कोपा नावाची कंपनी त्यावर स्वार झाली: ८ वॉटचं पॅनल, बॅटरीचा डबा, काही एलईडी दिवे, मोबाईल चार्जर, रेडिओ. सुरुवातीला साधारण ३,००० शिलिंग भरायचे, मग वर्षभर रोज ५०, आणि मग संच तुमचा. रोजचे ५० म्हणजे रॉकेलवर जायचे साधारण तेवढेच, त्यामुळे लोकांना हिशोब समजावून सांगावा लागला नाही. पैसे आले नाहीत की डबा लॉक, आले की परत सुरू. याला पे-अ‍ॅज-यू-गो म्हणतात, धंद्यातली माणसं नुसतं पेगो म्हणतात.

या लॉकची गंमत सांगण्यासारखी आहे. काही डब्यांत सिमकार्ड असतं, ते थेट कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं. पण बऱ्याच स्वस्त संचांत सिम नसतं, नुसतं एक की-पॅड असतं, नेटवर्कचा पत्ता नाही, मग पैसे भरल्याचं त्या डब्याला कळतं कसं? तर ग्राहक फोनवरून पैसे भरतो, त्याला एसएमएसने काही आकडे येतात, ते आकडे की-पॅडवर दाबले की डबा तेवढ्या दिवसांसाठी उघडतो. कारखान्यातून निघतानाच डब्यात एक गुप्त किल्ली भरलेली असते आणि तीच सर्व्हरकडेही असते, दोघं आपापल्या जागी तोच हिशोब करतात, उत्तर जुळलं की दिवे सुरू. एकदा वापरलेला कोड परत चालत नाही, शेजाऱ्याचा तर चालतच नाही. म्हणजे इंटरनेट नसलेल्या डोंगरात ठेवलेल्या डब्यावर हजार किलोमीटरवरून वसुली चालते आणि मध्ये फक्त एक एसएमएस.

हीच युक्ती प्रीपेड मीटरमध्ये त्याआधीपासून होती. दक्षिण आफ्रिकेतून एसटीएस नावाचं स्टँडर्ड निघालं, २० आकडी टोकन विकत घ्यायचं आणि मीटरवर दाबायचं. त्यात एकच टोकन दोनदा चालू नये म्हणून प्रत्येक टोकनवर वेळेचा शिक्का असतो, १ जानेवारी १९९३ पासून किती मिनिटं झाली तो आकडा, आणि त्या आकड्यासाठी जागा ठेवली होती २४ बिट, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार आणि वर काही मिनिटं. ती मिनिटं २४ नोव्हेंबर २०२४ ला संपली! त्याआधी जगभरातल्या कोट्यवधी मीटरना नवीन किल्ली द्यावी लागली, आणि ती द्यायची पद्धत काय तर घरातल्या माणसाने स्वतः दोन लांबलचक कोड मीटरवर दाबायचे. दक्षिण आफ्रिकेत मुदत उलटली तरी लाखो मीटर तसेच राहिले होते आणि त्यातल्या बऱ्याच घरांनी कित्येक दिवस टोकन विकत घेतलेलंच नव्हतं, म्हणजे वीज कुठूनतरी परस्पर चालू होती. सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीतून वीजचोरीची मोजणी झाली ती अशी. हे मुद्दाम सांगतोय, कारण निधी देणारे नवीन मीटर बसवायला हौसेने पैसे देतात, पण तीस वर्षांनी त्या मीटरमधलं गणित संपेल तेव्हाचा खर्च कुणाच्याच बजेटमध्ये नसतो.

पैशाचे प्रकार आणि त्यांची वेळ

'फंडिंग' हा एकच शब्द आपण सगळ्याला वापरतो आणि तिथेच घोळ होतो. या धंद्यात चार-पाच जातीचा पैसा लागतो आणि प्रत्येकाची वेळ वेगळी असते, चुकीच्या वेळी चुकीचा पैसा आला तर कंपनी बसते.

अगदी सुरुवातीला, म्हणजे कल्पना चालेल की नाही हेच माहीत नसतं तेव्हा, अनुदान लागतं, बुडालं तर बुडालं असा पैसा. मोबाईल कंपन्यांची संघटना जीएसएमए हिने २०१३ पासून ब्रिटिश मदतीच्या पैशातून पेगोसारख्या प्रयोगांना छोटी छोटी अनुदानं दिली. युरोपियन युनियन आणि फ्रान्सची विकास बँक एएफडी मिळून डिजिटल एनर्जी फॅसिलिटी चालवतात, त्यात स्टार्टअपही येतात आणि जुन्या सरकारी वीज कंपन्यांचं डिजिटायझेशनही. अमेरिकेने २०१३ मध्ये आफ्रिकेत वीज पोचवायला पॉवर आफ्रिका काढलं होतं, ते २०२५ मध्ये यूएसएड ही अमेरिकेची सरकारी मदत संस्था मोडीत निघाल्यावर गुंडाळलं गेलं, आणि त्या नळाला तोंड लावून बसलेल्यांची पंचाईत झाली.

अनुदानातली मला सगळ्यात पटणारी जागा म्हणजे सगळ्यांच्या कामाची वस्तू तयार करून ती मोकळी सोडणं. मघाशी ज्या कोडबद्दल बोललो तो प्रत्येक कंपनी आपापला बनवायची, छोट्या स्थानिक कंपनीला एकतर तो विकत घ्यावा लागायचा नाहीतर स्वतः डोकं फोडावं लागायचं. सोलारिस ऑफग्रिड या कंपनीने आपली पद्धत एनॲक्सेस फाउंडेशनच्या मदतीने ओपनपेगो टोकन म्हणून खुली केली, आता कुणीही ती फुकट वापरू शकतो. अशा कामाला गुंतवणूकदार कधीच पैसे देणार नाही, कारण फुकट वाटायच्या वस्तूतून त्याला काय मिळणार, आणि म्हणूनच तिथे अनुदान शोभतं. त्याउलट प्रत्येक देशात नवीन अ‍ॅप, नवीन डॅशबोर्ड, एका जिल्ह्यात दोनशे घरांचा पायलट, शेवटी गुळगुळीत कागदावरचा अहवाल आणि मग सगळं शांत, यावर जेवढे पैसे गेलेत ते बघून जीव हळहळतो.

कल्पना चालली की मग भांडवल येतं, म्हणजे कंपनीत हिस्सा घेऊन घातलेला पैसा. हा पैसा महाग असतो, त्याला परतावा जोरदार हवा असतो, आणि इथे बऱ्याच पेगो कंपन्यांची फसगत झाली. कारण त्यांचं वरचं रूप टेक स्टार्टअपचं पण पोटातलं काम सावकारीचं: आज संच देऊन टाकायचा आणि पैसे वर्ष-दोन वर्षं येत राहणार. जितके जास्त ग्राहक तितका जास्त पैसा बाहेर अडकलेला. म्हणजे धंदा जोरात चालतोय म्हणूनच खिसा रिकामा, असा उलटा प्रकार. टांझानिया, रवांडा, केनियात काम करणारी जर्मनीची मोबिसोल २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि मग फ्रान्सच्या एंजीने ती घेतली. ग्राहक नव्हते म्हणून गेली असं कुणी म्हणू शकणार नाही, घरोघर त्यांचे संच बसले होते.

तिथे हवं असतं कर्ज. आणि कर्ज देणारा विचारतो, तारण काय? तारण म्हणजे ग्राहकांचे येणारे हप्ते. आता डिजिटलचा खरा उपयोग इथे होतो, कारण दहा लाख ग्राहकांनी गेल्या तीन वर्षांत कुठल्या दिवशी किती भरले, सुगीच्या महिन्यात कसे भरतात, शाळेच्या फीच्या महिन्यात कसे थकतात, किती डबे लॉक पडलेत, हे सगळं सर्व्हरवर आहे. मग हजारो हप्त्यांची मोळी बांधून ती गुंतवणूकदारांना विकता येते, त्याला सिक्युरिटायझेशन म्हणतात. सन किंग या पेगो सोलर विकणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये केनियात सिटी बँकेला बरोबर घेऊन सुमारे १३ कोटी डॉलर मोलाचा असा व्यवहार केला, आणि तो डॉलरमध्ये नाही, केनियन शिलिंगमध्ये केला. या शेवटच्या तपशिलाकडे कुणी फारसं बघत नाही, पण खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

का ते नायजेरियाकडे बघून कळतं. जून २०२३ मध्ये नायजेरियाने नायराचा, म्हणजे आपल्या चलनाचा भाव बाजारावर सोडला. तोवर एका डॉलरला ४६०-४७० च्या घरात असलेला नायरा २०२४ च्या सुरुवातीला १,५०० च्या पलीकडे गेला. समजा तुम्ही डॉलरमध्ये कर्ज काढून पॅनल आणलेत आणि ग्राहक तुम्हाला नायरामध्ये ठरलेला हप्ता देतोय. ग्राहक एकही दिवस न चुकवता भरतोय, तुमचं सॉफ्टवेअर झकास चाललंय, डॅशबोर्ड सगळा हिरवा आहे, आणि तरी तुमचं कर्ज एका वर्षात तिप्पट झालं. यावर कुठलंही अ‍ॅप चालत नाही. टीसीएक्ससारखे फंड चलनाच्या पडझडीचा विमा देतात, पण तो स्वस्त नसतो. म्हणून स्थानिक बँकेने स्थानिक चलनात दिलेलं कर्ज, तेही विकास बँकेने थोडी हमी घेतल्यामुळे दिलेलं, हे कितीही नीरस वाटलं तरी माझ्या मते दहा हॅकेथॉनपेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

काम आधी, पैसे नंतर

आणखी एक पैसा आहे तो सरकारी अनुदानाचा पण जरा हुशारीने दिलेला. पूर्वी सरकार काय करायचं, ठेकेदाराला सामान लावायचे पैसे द्यायचं, तो लावून निघून जायचा, सहा महिन्यांनी बंद. आता निकालावर पैसे द्यायची पद्धत आलीय. नायजेरियात २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या ३५ कोटी डॉलर आणि आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेच्या २० कोटी डॉलरच्या मदतीने विद्युतीकरण प्रकल्प सुरू झाला. त्यात मिनिग्रिडवाल्याला, म्हणजे एखाद्या गावापुरतं सोलर, बॅटरी आणि तारांचं जाळं उभारणाऱ्याला, दर जोडणीमागे आधी ३५० आणि नंतर ६०० डॉलर ठरले. पण कधी? जोडणी होऊन ग्राहकाला तीन महिने समाधानकारक वीज मिळाल्यावर.

आता कल्पना करा, दूरच्या राज्यात कुठेतरी चारशे घरं जोडली गेलीत असं कंपनी म्हणतेय. खरंच जोडलीत का, तीन महिने वीज होती का, हे राजधानी अबुजात बसलेल्या अधिकाऱ्याने ठरवायचं कसं? प्रत्येक गावात तपासनीस पाठवला तर अनुदानाचा निम्मा पैसा गाडीभाड्यात जाईल आणि वर तो तपासनीस कुणाच्या घरी जेवला हा वेगळा विषय. म्हणून स्मार्ट मीटर लागतो, तो दर थोड्या वेळाने किती युनिट गेले, व्होल्टेज किती होतं ते पाठवत राहतो, ओडिसी नावाच्या प्लॅटफॉर्मवर टेंडर, कागदपत्रं, मीटरचा डेटा सगळं एकत्र येतं, त्यावर पैसे सुटतात, आणि माणसं पाठवून तपासणी करायची ती निवडक ठिकाणी. याच वाटेवर पुढे डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक बँकेने नायजेरियासाठी डेअर्स नावाचा ७५ कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला, १ कोटी ७५ लाख लोकांपर्यंत पोचायचं उद्दिष्ट आहे.

यातला सल सांगितला पाहिजे. काम आधी आणि पैसे नंतर म्हणजे कामासाठीचा पैसा मधल्या काळात कुणाकडे असणार? ज्याच्या पाठीशी परदेशी गुंतवणूकदार आहे त्याच्याकडे. स्थानिक माणूस, ज्याला तिथली भाषा येते, गावचा प्रमुख ओळखतो, त्याच्याकडे हा मधला काळ काढण्यापुरतंही कर्ज नसतं. आणि दुसरी भीती अशी की इतकं सगळं उभं केलं आणि मग सरकारी लाइनच गावात आली तर? नायजेरियाने २०१६ च्या नियमांत याची सोय केली, लाइन आली तर मिनिग्रिडवाल्याने तिला जोडून घ्यायचं नाहीतर भरपाई घेऊन बाजूला व्हायचं. असला दोन पानांचा नियम गुंतवणूकदाराची झोप जितकी चांगली करतो तितकं सेन्सरचं जाळं करत नाही. मिनिग्रिडची वीज स्वस्तही होतेय, २०१८ मध्ये युनिटला ५५ सेंट पडायची ती २०२१ मध्ये ३८ सेंटवर आली असं जागतिक बँकेच्या ऊर्जा विभागाने काढलं होतं, पण ३८ सेंटसुद्धा गरीब घराला भारीच की.

कुठे काय लावायचं हे ठरवायलाही डेटा लागतो आणि इथे आकाशातून मदत झाली. उपग्रहाला रात्री दिसणारा उजेड, गुगलने २०२१ मध्ये आफ्रिकेतल्या ५० कोटींहून जास्त इमारतींचा काढलेला खुला नकाशा, त्यावर रस्ते, लाइनी, लोकसंख्या असं एकावर एक ठेवलं की कुठल्या वस्तीला तार ओढणं स्वस्त, कुठे मिनिग्रिड बरं आणि कुठे घरापुरता संचच परवडेल याचं गणित मांडता येतं. स्वीडनच्या केटीएच विद्यापीठात वाढलेलं ऑनसेट हे खुलं सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. पूर्वी हा आराखडा करायला सल्लागार वर्षभर घ्यायचे आणि अहवाल कपाटात जायचा. आता निदान भाव बदलले की आकडे परत चालवून बघता येतात.

सगळ्यात दुर्लक्षित गिऱ्हाईक म्हणजे जुनी सरकारी वीज कंपनी. तिच्यावर कुणी कौतुकाने लिहीत नाही, पण नव्या जोडण्यांचा मोठा वाटा तिच्याच तारांवरून जाणार आहे. आणि बऱ्याच ठिकाणी या कंपनीला आपल्या शेवटच्या टोकाला वीज आहे की गेलीय हेच कळत नाही, लोक फोन करतील तेव्हा. घानाच्या राजधानीत, अक्रात, अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन या सरकारी मदत संस्थेच्या कार्यक्रमात एनलाइन या चमूने एक छोटं उपकरण घराघरांत प्लगमध्ये बसवलं. वीज गेली की ते स्वतःच्या बॅटरीवर वेळ नोंदवतं आणि मोबाईल नेटवर्कवरून कळवतं, आजूबाजूच्या दोन-चार घरांतून एकदम खबर आली की समजायचं लाइन गेली, एकाच घरातून आली तर कुणीतरी प्लग काढला. स्वस्त, साधं, आणि कंपनीच्या मीटरला हातसुद्धा न लावता होणारं. कोट्यवधी डॉलर घालून सबस्टेशनं बांधली, पण पुरवठा सुधारला का, याचं उत्तर पैसे देणाऱ्याला पहिल्यांदा कंपनीच्या तोंडून न मिळता थेट प्लगमधून मिळालं.

डेटामधून थेट पैसा निघाल्याचीही उदाहरणं आहेत. काँगोमधल्या गोमा शहरात नुरू नावाची कंपनी सोलर मिनिग्रिड चालवते. तिथे तयार झालेल्या प्रत्येक युनिटची नोंद असते, तिच्यावर ही वीज सूर्यापासूनच बनली याची प्रमाणपत्रं निघाली, मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली, आणि त्या पैशातून तिथल्या न्दोशो भागात रस्त्यावरचे दिवे लागले. युद्धाच्या छायेतल्या शहराला बँक कर्ज देत नाही, पण मीटरची नोंद विकता येते. अर्थात अशा प्रमाणपत्रांनी सगळ्या आफ्रिकेची वीज उभी राहील असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं.

आता जे कुणी माहितीपत्रकात लिहीत नाही ते. लॉक म्हणजे लॉक. घरात आजारपण आलं, पीक गेलं, हप्ता थकला, तर कंपनीचा माणूस दारात येऊन निदान तोंड तरी बघायचा, इथे डबा नुसता बंद होतो. विक्रीचा आकडा चांगला दिसावा म्हणून एजंट ज्याला परवडणार नाही त्यालाही संच खपवतात, कारण त्यांचं कमिशन विक्रीवर असतं. या धंद्याची जागतिक संघटना गोगला हिने ग्राहक संरक्षणाची आचारसंहिता केलीय, ती चांगली आहे पण ती पाळणं ऐच्छिक आहे. शिवाय घर रोज किती वाजता दिवा लावतं, कधी पैसे चुकवतं ही माहिती कुणाची, ती दुसऱ्या सावकाराला विकली तर चालेल का, याचे कायदे बऱ्याच देशांत आत्ता कुठे येतायत. एम-कोपासारख्या कंपन्या आता स्मार्टफोनही तशाच हप्त्यावर विकतात, फोनपण लॉक होतो. म्हणजे विजेसाठी मिळालेला पैसा हळूच दुसऱ्याच धंद्यात वळतो, कारण फोनमध्ये नफा बरा आहे. मला त्यात गुन्हा दिसत नाही, पण वीज पोचवायच्या नावाने पैसे देणाऱ्याने हिशोब विचारावा एवढं तरी.

आणि रोज ५० शिलिंगसुद्धा ज्याला जमत नाहीत त्याचं काय, तो कुठल्याच धंद्याच्या गणितात बसत नाही. टोगोने यावर सरळ उपाय काढला. सिझो नावाच्या कार्यक्रमात २०१९ पासून पेगो सोलर घेतलेल्या घराला सरकारने दरमहा २,००० सीएफए फ्रँक (तिथलं चलन) द्यायला सुरुवात केली, आणि ते थेट मोबाईल मनीच्या वाटेने हप्त्यात वळते केले. रॉकेलवर सबसिडी दिली की ती पंपावरच झिरपते, ही कुणाच्या घरात किती गेली ते दिसतं. जानेवारी २०२५ मध्ये दार-ए-सलामला मिशन ३०० ची मोठी परिषद झाली, २०३० पर्यंत आफ्रिकेत ३० कोटी लोकांना वीज, त्यातले २५ कोटी जागतिक बँकेच्या वाट्याला आणि ५ कोटी आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेच्या. तिथे बारा देशांनी आपापले आराखडे मांडले, आणि टोगोसारखी सबसिडी किती जण खरंच बजेटमध्ये घालतात ते बघायचं.

यातही एक भोक उरतंच. हप्ते फिटले की डबा कायमचा उघडतो, ग्राहक मालक होतो, छान. पण त्याच दिवसापासून कंपनीला त्या डब्यातून पैसा येत नाही, आणि कोड मागायला कुणी येत नाही म्हणून माहितीही येत नाही. बॅटरी काही वर्षांत दमते. ती बदलायला परत एकगठ्ठा पैसा हवा, आणि तेव्हा त्या घराला कुणी कर्ज द्यायला उभं नसतं, कारण अनुदान नव्या जोडणीवर मिळतं, जुन्या दुरुस्तीवर नाही. कंपनीचा एजंट येतो तो टीव्ही विकायला. जगाच्या यादीत ते घर 'वीज मिळाली' याच रकान्यात राहतं, घरात दिवा लागतोय की नाही ते बघायला परत कुणी जात नाही.